बेतवेचे गाणे, देश लक्झेंबर्ग

१२ जून २०२४ रोजी बकुळ लघाटे हिने एक हजार एकशे ऐंशी रुपये भरले. हजार रुपये प्रवेशशुल्क आणि एकशे ऐंशी रुपये कर. चार दिवसांनी त्यातले हजार तिच्या खात्यात परत जमा झाले. कर परत मिळत नाही. सोबत एका ओळीचा निरोप होता: आपला जिल्हा यादीत नसल्याने अर्ज स्वीकारता येत नाही.

स्पर्धेचे नाव जागतिक मराठी गीतस्पर्धा. पुण्यातला एक महासंघ ती भरवायचा. युरोपात देशादेशांमध्ये गाण्याची एक मोठी स्पर्धा होते, तिच्यावरूनच ही बेतलेली होती. एका देशाचे एक गाणे, आणि जो देश जिंकेल त्याच्याकडे पुढच्या वर्षीच्या यजमानपदाचा मान. त्या वर्षी अंतिम फेरी सिंगापूरला व्हायची होती. भारताचीही जागा एकच होती आणि ती महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांतून निवड होऊन भरली जाई. कॅनडातला मराठी माणूस कॅनडाकडून गाणार, मॉरिशसचा मॉरिशसकडून, नागपूरचा भारताकडून. झाशीचा मराठी माणूस कुणाकडून गाणार, हे नियमांत कुठेच नव्हते. ते लिहायला हवे असे कुणाला सुचलेही नसावे.

बकुळने पुण्याला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड.

“मॅडम, तुमचं मूळ गाव कुठलं? महाराष्ट्रातलं?”

“मूळ म्हणजे किती मूळ? आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून इकडे आले. त्याआधीचं गाव वाईजवळ कुठंतरी होतं म्हणतात. तिथं आता आमचं कुणी नाही.”

“तिथलं आधारकार्ड वगैरे?”

“पेशव्यांनी दिलं नव्हतं,” बकुळ म्हणाली.

मुलगी हसली. “पण मॅडम, यूपीत राहून तुम्ही मराठी किती छान बोलता!”

“घरात बोलतो,” बकुळ म्हणाली आणि फोन ठेवला.

घरात बोलतो, हेही आता खरे राहिले नव्हते. आई-वडील गेल्यावर झाशीच्या नगरा भागातल्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच राहत होती. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. थोरला भाऊ दत्तात्रेय पुण्याला जाऊन तिथलाच झाला आणि तिथेच वारला. बकुळसाठी पुण्या-नागपूरकडची स्थळे यायची, पोहे खायची आणि “मुलगी चांगली आहे, पण फार लांबची” असे कळवायची. झाशीच्या आसपासची घरे म्हणायची, मराठ्यांच्या घरची पोरगी, आपल्यात कशी रुळणार? असे करता करता तिला एकावन्नावे वर्ष लागले.

ती चिरगावच्या एका खासगी शाळेत संगीत शिकवत असे. सकाळच्या बसने जायची, दुपारी परत यायची. एका वर्गात साठ-सत्तर मुले, पेटी फुटकी, माईक नाही. त्या गोंगाटाच्या वर आवाज काढून तिने बावीस वर्षे ‘सा’ लावला होता. त्याचे फळ गेल्या हिवाळ्यात मिळाले. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला आणि स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणून सांगितले.

“शस्त्रक्रियेने जातील. बोलायला अडचण येणार नाही.”

“आणि गायला?”

“त्याची हमी मी देत नाही. तोवर जपून वापरा. मोठ्याने नाही, वरच्या पट्टीत नाही.”

जपून वापरायला आवाज म्हणजे काही दिवाळीचा चांदीचा तांब्या नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? वरचे सूर आधीच निसटू लागले होते. आज लागलेला पंचम उद्या लागेल याचा भरवसा नसे. म्हणूनच तिला हे वर्ष हवे होते. बक्षीस नको होते, सिंगापूर पाहायची हौसही नव्हती. आयुष्यभर ती मुलांपुढे हिंदी प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टची गाणी गात आली. आपले स्वतःचे मराठी गाणे, आपल्या गळ्यातून, ते कळणाऱ्या माणसांपुढे एकदा व्हावे, एवढेच तिला हवे होते. पुढच्या वर्षी गळा असेलच असे नव्हते.

गाणे तिने स्वतः रचले होते. चिरगावच्या बसमध्ये बेतवा नदीकाठच्या परीछा गावच्या बायका चढत. त्या आपसात फाग, म्हणजे होळीची गाणी, गुणगुणत, ते ऐकता ऐकता चाल तिच्या कानात बसली होती. त्या बुंदेली चालीवर तिने घरातले मराठी शब्द बसवले:

बेतवा आटली, वाळूत राहिली नाव गं,
विचारी नावाडी, बाई, कुठला तुझा गाव गं.

दुसऱ्या ओळीतल्या ‘कुठला’वर चाल एकदम वर चढायची, तार सप्तकात थांबायची आणि मग सावकाश खाली यायची. सगळे गाणे त्या एका चढावर उभे होते.

अर्ज परत आल्यावर ती नानासाहेबांकडे गेली. नानासाहेब बिवलकर चौऱ्याऐंशी वर्षांचे, झाशीच्या मराठी मंडळाचे तीस वर्षे अध्यक्ष. मंडळ म्हणजे गणपतीचे दहा दिवस आणि कोजागिरीचे दूध. बाकी वर्षभर मंडळाची किल्ली नानासाहेबांच्या जानव्याला असे.

बकुळने चौकशी करून ठेवली होती. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांसाठी महासंघाने ‘सहयोगी सभासद’ नावाचा एक वर्ग काढला होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे त्यात होते, आणि तीन वर्षांपासून या सहयोगी मंडळांना मिळून एक निमंत्रित गाणे पाठवता येत होते. झाशी त्यात नव्हती.

“कशी असणार?” नानासाहेब म्हणाले. “२०११ साली विचारलं होतं त्यांनी. सहयोगी व्हा म्हणाले. मी कळवलं, आम्ही सहयोगी नाही. आम्ही मराठीच आहोत, पूर्ण आहोत. या मातीत मराठी माणसाचं रक्त सांडलंय. आम्हाला बाहेरचे कोण ठरवणार?”

“ठरवलं ना त्यांनी. नुसते बाहेरचे नाही, यादीच्याही बाहेरचे.”

“ग्वाल्हेरवाले बसले मागच्या बाकावर. आम्ही नाही बसलो.”

“नानासाहेब,” बकुळ म्हणाली, “मागचा बाक निदान वर्गात असतो.”

म्हाताऱ्याने जानव्याची किल्ली चाचपली. मग सुनेला हाक मारून त्याने चहा मागवला.

“आता होऊ सहयोगी. कुठं सही करायची, सांग.”

पण सही करायला जागा नव्हती. नवे सहयोगी घ्यायचे ते महासंघाच्या त्रैवार्षिक सभेत, आणि ती सभा २०२६ मध्ये होती. बकुळने ग्वाल्हेरच्या मंडळालाही विचारून पाहिले. तिथल्या चिटणीसबाई सौजन्याने बोलल्या. “ताई, आमच्याच चार मुली रांगेत आहेत. त्यांच्या आया मला रस्त्यात गाठतात. झाशीची गायिका घेतली तर माझं काही खरं नाही.” त्यांचेही चूक नव्हते.

त्यानंतरच्या रविवारी संकेतचा फोन आला. संकेत म्हणजे दत्तात्रेयाचा मुलगा, बकुळचा भाचा. तो लक्झेंबर्गला एका बँकेत होता. लहानपणी सुट्टीत झाशीला येऊन राहायचा, त्यामुळे आत्याशी त्याचे बोलणे मोकळे होते. बकुळने त्याला सगळे सांगितले.

“आत्या, तू इंडियाच्या दारात कशाला उभी राहतेस?” तो म्हणाला. “युरोपातल्या त्या मोठ्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया गातं. ऑस्ट्रेलिया कधी आलं युरोपात? तिथं नकाशा नाही बघत, सभासद कोण आणि बोलावलंय कुणाला ते बघतात. आणि गायक कुठल्या देशाचा, हे तर विचारतच नाहीत. एका देशाचा गायक दुसऱ्या देशाकडून गाऊन जिंकलाय.”

“मग?”

“मग आमचं इथलं मंडळ महासंघाचं पूर्ण सभासद आहे. आणि आमच्याकडे गाणारं कुणीच नाही. सगळे बँकवाले आणि कॉम्प्युटरवाले. गेल्या वर्षी आम्ही गाणंच पाठवलं नाही. तू गा लक्झेंबर्गकडून.”

बकुळ हसली. “अरे, मला त्या देशाचं नाव नीट म्हणता येत नाही.”

“आम्हालाही येत नाही. पंधरा वर्षं राहतोय.”

दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात लक्झेंबर्ग शोधले. देश इतका लहान की त्याचे नाव त्याच्या अंगावर मावले नव्हते. ते दूरच्या समुद्रात लिहून तिथून रेघ ओढली होती. नाव एकीकडे आणि देश दुसरीकडे, हे तिला ओळखीचे वाटले.

ध्वनिमुद्रण सिविल लाइन्समधल्या एका स्टुडिओत झाले. लग्नाच्या चित्रफिती करणाऱ्याचा स्टुडिओ, पण माईक चांगला होता. तबल्याला सुभाषचंद्र होते, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. वडिलांचे मित्र म्हणून ती त्यांना काका म्हणायची, आणि ते तिच्याशी हिंदीतच बोलत.

पहिल्या दोन वेळी ‘कुठला’वर आवाज फाटला.

“बेटा, ऊपर मत जाओ. नीचे से निकाल लो, कौन देखने आ रहा है,” सुभाषचंद्र म्हणाले.

“काका, खालून घेतलं तर गाणं उरतच नाही.”

तिने कोमट पाणी घेतले, थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि तिसऱ्यांदा गायली. सूर लागला. नुसता लागला नाही, थांबला. तबला क्षणभर मागे पडला, कारण वाजवणारा ऐकत राहिला होता. गाणे संपल्यावर सुभाषचंद्रांनी चष्मा काढून पुसला. “भौजी होतीं तो रोतीं,” एवढेच म्हणाले. भौजी म्हणजे बकुळची आई.

गाणे लक्झेंबर्गला गेले. मंडळाच्या लोकांनी ते ऐकले आणि त्यांना आवडले. संकेतने सांगितले की एका बाईने ते गाडीत चार वेळा लावले. बकुळचे ते आठ-दहा दिवस फार चांगले गेले. शेजारची रुक्मिणी, रेल्वेतल्या गार्डाची बायको, मूळची भुसावळची. ती भिंतीपलीकडून ओरडायची, “काय हो लक्झेंबर्गकर, आज भाजी काय?”

ऑगस्टमध्ये संकेतचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज ऐकूनच तिने ओळखले.

“आत्या, एक घोळ झालाय. गेल्या वर्षी कुठल्याशा देशानं मुंबईतून व्यावसायिक गायिका पैसे देऊन आणली. त्यावर तक्रारी झाल्या. आता गायकाचा त्या देशातला राहण्याचा दाखला मागतायत. युरोपातल्या स्पर्धेत मागत नाहीत, पण आपले लोक म्हणाले, आपण जरा कडक राहू.”

“बरं.”

“मला आधी माहीत नव्हतं, आत्या. खरंच.”

“बरं म्हटलं ना.”

मग संकेत म्हणाला, “गाणं मात्र सगळ्यांना हवंय. ते म्हणतायत, ईशा गाईल का.”

ईशा त्याची मुलगी, तेरा वर्षांची, जन्म तिकडचाच. पियानो शिकत होती. मराठी तिला समजायचे, बोलताना अडायचे. बकुळने त्या दिवशी उत्तर दिले नाही. रुक्मिणीने ऐकले तेव्हा तिचा पारा चढला.

“देऊ नका. तुमचं लेकरू आहे ते. दुसऱ्याच्या मांडीवर कशाला?”

“मांडीवर ठेवून करू काय, रुक्मिणीबाई? मोठं तर होणार नाही इथं.”

तिने हो म्हणून कळवले.

शिकवणी मोबाईलवर सुरू झाली. ईशा खोलीत पलंगावर मांडी घालून बसायची. मुलगी गुणी होती, कान पक्का होता.

“आत्याआजी, वाळूत नाव राहिली म्हणजे बोट स्टक झाली?”

“हो. स्टक झाली.”

“मग ते लोक पलीकडे गेले कसे?”

“गेले नाहीत.”

“ओ,” ईशा म्हणाली आणि तिने ते लिहून घेतले.

पहिल्या दोन ओळी सहज बसल्या. अडले ते ‘कुठला’वर. मुद्रण तिच्याकडे होते, पण ते ऐकून तिला तो चढ कळेना. पियानोच्या पट्ट्यांवर बोट ठेवून ती सूर शोधायची, आणि तो सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहायचा. “एकदा तू गाऊन दाखव,” ती म्हणायची. बकुळ दाखवायची. “परत एकदा? हळू?” बकुळ हळू गायची. हळू गाताना तो सूर जास्त वेळ धरावा लागतो, आणि ज्या तंतूंवर गाठी आहेत त्यांना नेमके तेच सोसत नाही. डॉक्टरांचे शब्द तिला पाठ होते. पण ती बावीस वर्षांची मास्तरीण होती. समोरच्या मुलाला येत नाही तोवर थांबायचे कसे, हे तिला कधीच जमले नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ईशाला तो सूर सापडला. तिने तो नेमका घेतला, धरला आणि स्वतःच चकित होऊन हसली. “आलं, आत्याआजी?”

बकुळला ‘आलं’ म्हणायचे होते. तोंड उघडले, पण शब्दाच्या जागी नुसती हवा आली. तिने मान हलवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

शस्त्रक्रिया ऑक्टोबरात झाली. गाठी निघाल्या. महिनाभर मौन पाळल्यावर बोलण्यापुरता आवाज परत आला, जाडसर, फार तर खोलीभर पोहोचणारा. गाण्याचा आला नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बरे झाले असते. शाळेने एका नव्या शिक्षिकेला संगीताचे तास दिले आणि बकुळला वाचनालयात बसवले. पगार निम्मा झाला. वाचनालयात पुस्तके कमी होती आणि ती घ्यायला कुणी येत नसे.

अंतिम फेरी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी होती. ती इंटरनेटवरून पाहायची तर तिकीट काढावे लागे. बकुळला ते ऑनलाइन प्रकरण जमेना, म्हणून रुक्मिणीने आपल्या मोबाईलवरून काढले. दोघी रुक्मिणीच्या घरी टीव्हीसमोर बसल्या. नानासाहेबांना बोलावले होते, पण त्यांनी निरोप पाठवला की बरे वाटत नाही.

एकेक देश येऊन गेला. झगमगाट फार होता. मग निवेदिका म्हणाली, “आता लक्झेंबर्ग. सादर करीत आहे ईशा लघाटे, एक पारंपरिक कोळीगीत.”

“कोळीगीत?” रुक्मिणी म्हणाली. “बेतवेत कुठले कोळी आले, बाई?”

बकुळला ‘पारंपरिक’चे कारण माहीत होते. संकेतने आधी सांगितले होते. गीतकाराच्या रकान्यात तिचे नाव घातले असते, तर तिचा सभासद क्रमांक विचारला असता. पारंपरिकला क्रमांक लागत नाही. कोळीगीत मात्र तिकडे कुणीतरी आपल्या मनाने केले होते. गाण्यात वाळूतली नाव आहे, म्हणजे कोळी असणारच.

ईशा नऊवारी नेसली होती. ती चांगली गायली, उच्चारही स्वच्छ. मागे ढोल होते, बासरी होती, आणि चाल बरीच वेगात घेतली होती. ‘बेतवा’च्या जागी ‘नदी ही’ झाले होते. ‘कुठला’ आला तेव्हा बकुळ थोडी पुढे सरकली. ईशा खालच्या सुरावरच थांबली आणि वरचा सूर बासरीने घेतला. बासरी गोड होती. सरळ, स्वच्छ, पट्टीत बसणारी. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिच्यात नव्हती.

“मुलीनं घेतला नाही की हो तो,” रुक्मिणी म्हणाली. तिने तो सूर भिंतीपलीकडून महिनाभर ऐकला होता.

“घेऊ दिला नसेल,” बकुळ आपल्या नव्या आवाजात म्हणाली. “एवढ्या लोकांपुढे चुकला असता तर?”

लक्झेंबर्ग खालून चौथे आले. भारत दुसरा आला आणि पहिला कॅनडा. निकालानंतर संकेतचा फोन आला. पोरगी खूश आहे, म्हणाला, आणि मागून ईशा ओरडली, “थँक यू, आत्याआजी!” बकुळने छान गायलीस म्हणून सांगितले. तिकडे गोंगाट होता. तिला ते दोनदा सांगावे लागले, आणि दोन्ही वेळा ते पोहोचले नाही.

नानासाहेब फेब्रुवारीत गेले. मंडळाची किल्ली सध्या त्यांच्या सुनेकडे आहे. २०२६ ची सभा झाली तेव्हा झाशीकडून अर्ज करायला कुणी नव्हते. बकुळ रोज चिरगावला जाते. बसमध्ये परीछाच्या बायका चढल्या की ती खिडकीकडे तोंड करून बसते.

अंतिम फेरी पाहण्याच्या तिकिटाचे तीनशे नव्व्याण्णव रुपये रुक्मिणीने भरले होते. त्यातले दोनशे बकुळने तेव्हाच दिले. एकशे नव्व्याण्णव रुपये देणे बाकी आहे.